मोटर-साहाय्यित फॉइल सर्फिंगमधील साधनांची जुळणी

फॉइल म्हणजे फळीखालच्या उभ्या दांड्याच्या, म्हणजे मास्टच्या, टोकाला बसवलेले पाण्यातले पंख. छोट्या विद्युत मोटरच्या जोरावर या पंखांवर फळी पाण्याबाहेर उचलायची, लाट हाती लागताच मोटर बंद करायची आणि पुढे लाटेच्याच शक्तीवर सरकत राहायचे, या प्रकाराला मोटर-साहाय्यित फॉइल सर्फिंग म्हणतात. ई-फॉइल या विद्युत फॉइल-फळीत मोटर सतत चालते. इथे तिचे काम वल्हवण्याऐवजी किंवा जेट-स्कीने ओढण्याऐवजी सुरुवात करून देण्याचे. हवाईत लेअर्ड हॅमिल्टनसारखे सर्फर २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जेट-स्कीमागूनच फॉइलवर मोठ्या लाटांत शिरत.

जुळणीतला कळीचा प्रश्न एकच : मोटर मास्टवर किती उंचीवर बसवायची? फळीलगत बसवली, तर फळी वर उचलली जाताच मोटर पाण्याबाहेर निघते आणि लाटेवर तिचा अडथळा उरत नाही. मात्र त्याच क्षणी रेटाही जातो, म्हणून तेवढ्यात लाट मिळाली नाही तर फळी पुन्हा पाण्यावर बसते. खाली, पंखाजवळ बसवल्यास उचलल्यानंतरही रेटा मिळत राहतो, सपाट पाण्यात पुढची लाट गाठता येते. पण मोटर आणि प्रॉपेलर सतत पाण्यात राहून अडथळा करतात. प्रॉपेलरची मिटणारी पाती हा अडथळा कमी करतात, संपवत नाहीत. मधली जागा नेहमीच सोयीची असते असे नाही. मोटर पृष्ठभागाच्या अगदी जवळ आली की प्रॉपेलर हवा ओढतो आणि रेटा अचानक तुटतो.

पंखाची निवड यालाच जोडलेली आहे. उत्थापक बल क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १,६०० चौ. सेंमीऐवजी त्याच घडणीचा ८०० चौ. सेंमीचा पंख लावला, तर उचलायला सुमारे १.४ पट वेग लागतो. हाताने वल्हवून तो गाठणे कठीण. मोटर गाठून देते. मोटरचा खरा फायदा इथे आहे, आळशीपणाची सोय म्हणून तिला हिणवणारे हे विसरतात.

बॅटरी पुढे सरकवली की नाक जड होते. मग मास्ट फळीच्या तळाशी असलेल्या रुळात, म्हणजे तो सरकवण्याच्या खाचेत, पुढे घ्यावा लागतो. मास्ट पुढे गेला की नाक उचलू लागते आणि पुढच्या पायावर जास्त भार द्यावा लागतो. मागच्या छोट्या पंखाखाली अर्ध्या अंशाची पाचर घातली तरी फरक पायांना कळतो. म्हणून अनुभवी मंडळी एका वेळी एकच बदल करतात, रुळावर मास्टच्या जागेची खूण ठेवतात आणि आधी सपाट पाण्यात चाचणी घेतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या, शिवाय लाटही बदलली, तर सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येत नाही.

मोटरचा पकडपट्टा ढिला असल्यास ती मास्टभोवती फिरते, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी तो हाताने पिळून पाहतात. प्रॉपेलरला हात लावण्याआधी बॅटरीची जोडणी काढणे अनिवार्य आहे.