एक्स-रे बंद, तरी हृदयातली तार दिसते कशी?

परवा शेजारच्या काकूंचा फोन. सुनेची छाती बसल्या बसल्या धडधडायला लागते, ठोके १८० वर जातात आणि तसेच अचानक खाली येतात. डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन सांगितलंय, पण कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की त्यात बराच वेळ एक्स-रे चालू ठेवतात, ते रेडिएशन अंगात साठतं, म्हणून नंतर महिनाभर अमुक काढा घ्या. आधी काढ्याचं सांगतो. एक्स-रे दिव्यासारखा असतो, बटण बंद केलं की संपला, अंगात साठत वगैरे काही नाही. त्या वेळी पेशींच्या डीएनएला जो मार बसतो तेवढाच खरा, आणि तो काढ्याने धुऊन निघत नाही.

हृदयात विजेच्या वाटेला एखादा चोरवाटेचा फाटा असला की करंट गोल गोल फिरत राहतो आणि ठोके धावतात. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (तारेसारखी बारीक, लवचिक नळी) हृदयात न्यायचा, त्याच्या टोकाने तो फाटा जाळून टाकायचा, हे झालं अ‍ॅब्लेशन. आता आत टोक कुठे आहे हे कळायला पूर्वी एक्स-रेच लागायचा, तोही फोटोसारखा एकदा नाही, व्हिडिओसारखा, म्हणजे फ्लोरोस्कोपी. पेशंटला हे एकदाच, पण डॉक्टर आणि टेक्निशियन रोज तिथेच उभे, पेशंटच्या अंगावरून उडालेले किरण झेलत, अंगावर जड शिशाचा एप्रन घालून (त्याने कंबर जाते ती वेगळीच). सेकंदाला फ्रेम कमी घ्या, किरणांची खिडकी लहान ठेवा, दोन पावलं मागे सरका, यानेही डोस बराच उतरतो. पण मला आवडते ती चुंबकाची युक्ती.

पेशंटच्या टेबलाखाली तीन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी. प्रत्येकीचं चुंबकीय क्षेत्र वेगळ्या फ्रिक्वेन्सीने हलतं. कॅथेटरच्या टोकात इवलासा सेन्सर, तोही कॉइलचाच. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं ना की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तार ठेवली की तिच्यात व्होल्टेज तयार होतं, शाळेत घोकलंय आपण, तेच इथे. फ्रिक्वेन्सी वेगळ्या म्हणून कुठलं व्होल्टेज कुठल्या कॉइलमुळे ते ओळखता येतं. क्षेत्र लांब जाता जाता भराभर (साधारण अंतराच्या घनाने) विरळ होतं, म्हणजे व्होल्टेजवरून अंतर निघतं. अशी तीन अंतरं मिळाली की जागा पक्की, आणि सेन्सरमधल्या कॉइल एकमेकींना काटकोनात असल्या की टोक कुठे वळलंय तेही समजतं. जागेतली चूक साधारण मिलिमीटरच्या आसपास! मांस-हाडं या क्षेत्राला जवळपास अडवतच नाहीत. क्षेत्रही किती, तर पृथ्वीच्या क्षेत्राएवढं किंवा त्याहून कमी. चुंबकीय गाद्या विकणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये, इथे चुंबक कुणाला बरं करत नाही, नुसता पत्ता सांगतो.

पण हृदय तर हलतंय, पेशंट श्वास घेतोय, मग? पाठीला एक रेफरन्स सेन्सर चिकटवतात, त्याच्या तुलनेत जागा मोजतात, आणि ईसीजी बघून दर ठोक्याच्या त्याच क्षणी मोजतात. टोक भिंतीला जिथे जिथे टेकतं तिथले बिंदू जोडत पडद्यावर हृदयाची पोकळी तयार होते (हेच थ्रीडी मॅपिंग), वर रंग: वीज आधी पोचते तिथे लाल, शेवटी पोचते तिथे जांभळा. लाल ठिपका कुठे उगवतो त्यावर डॉक्टरांची नजर.

दुसऱ्या एका पद्धतीत छाती-पाठीला पट्ट्या लावून अगदी बारीक करंट सोडतात आणि व्होल्टेजवरून जागा काढतात. हृदयात नेता येणारा सोनोग्राफीचा प्रोबही आहे.

'झीरो रेडिएशन' अशी जाहिरात दिसली तर मात्र जरा थांबा. साध्या केसमध्ये खरंच एक्स-रे न लावता काम होतं, गरोदर बाईसाठी तर हे फारच मोलाचं, पण किचकट केसमध्ये डॉक्टरांनी दोन मिनिटं एक्स-रे लावला तर लावू द्या, अंदाजाने हृदयाला भोक पडण्यापेक्षा ते बरं.

काकूंना दोनच प्रश्न विचारायला सांगितलेत: थ्रीडी मॅपिंगवर करणार का, आणि फ्लोरो साधारण किती मिनिटं लागेल? त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलेत.