उलुबुरुनचं जहाज कोणाचं?

१९८२ च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर, काश गावाजवळ, स्पंज गोळा करणारा एक पाणबुड्या वर आला आणि आपल्या कप्तानाला म्हणाला की खाली धातूची बिस्किटं पडली आहेत, त्यांना कान आहेत. कप्तानाला लगेच उमगलं. पुरातत्त्वज्ञ त्या भागातल्या बंदरांमध्ये फिरून पाणबुड्यांना जुन्या तांब्याच्या लगडींची चित्रं दाखवत असत. चार कोपरे ओढून काढलेल्या, वाळत घातलेल्या कातड्यासारख्या दिसणाऱ्या त्या लगडी. कान म्हणजे ते कोपरे.

त्या बिस्किटांच्या खाली सुमारे ३३०० वर्षांपूर्वी बुडालेलं एक अख्खं व्यापारी जहाज होतं. उलुबुरुन हे तिथल्या भूशिराचं नाव, तेच जहाजाला मिळालं. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास आणि नंतर जेमाल पुलाक यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन चाललं. माल उतारावर ४४ मीटरपासून ६० मीटरच्याही खाली पसरलेला. इतक्या खोलीवर माणसाला एका वेळी जेमतेम वीस मिनिटं काम करता येतं, म्हणून एकूण २२,४१३ बुड्या माराव्या लागल्या. पाण्याखालच्या पुरातत्त्वातलं इतकं चिकाटीचं दुसरं काम मला चटकन आठवत नाही.

जहाज कोणाचं, हा प्रश्न बास यांच्यासाठी जुना होता. १९६० मध्ये त्यांनी याच किनाऱ्यावर केप गेलिडोन्या इथलं इ.स.पू. १२०० च्या सुमाराचं एक बुडालेलं जहाज खणलं आणि ते सिरिया-पॅलेस्टाईनच्या किनाऱ्याकडचं, म्हणजे कनानी लोकांच्या प्रदेशातलं आहे असं मांडलं. तेव्हा बहुतेक अभ्यासकांना ते पटलं नाही. त्या काळचा समुद्री व्यापार ग्रीसच्या मायसिनी लोकांच्या हातात होता, हे जवळपास गृहीतच धरलं जाई. उलुबुरुनचा माल वर येऊ लागला तसा हा वाद नव्याने उभा राहिला: जहाज कोणाचं?

माल पाहू. सगळ्यात जड होतं तांबं, सुमारे दहा टन. त्यात कान असलेल्या ३५४ लगडी, एकेक साधारण २४ किलोची. जोडीला सुमारे एक टन कथील. दहा भाग तांबं आणि एक भाग कथील वितळवलं की उत्तम ब्राँझ तयार होतं. म्हणजे त्या काळच्या तलवारी, कुऱ्हाडी आणि विळ्यांचा कच्चा माल योग्य प्रमाणात एकाच जहाजाच्या पोटात रचलेला होता.

तांबं कुठलं, हे त्यातल्या शिशाने सांगितलं. तांब्याच्या खनिजात थोडं शिसं असतंच. शिशाचे चार स्थिर समस्थानिक, म्हणजे वजनाने वेगवेगळे अणू, आहेत. त्यांपैकी तिघांमध्ये युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून कोट्यवधी वर्षं भर पडत असते. त्यामुळे खनिज केव्हा आणि कोणत्या खडकात तयार झालं त्यानुसार या चौघांचं आपसातलं प्रमाण ठरतं, आणि भट्टीत वितळवल्याने ते बदलत नाही. उलुबुरुनच्या तांब्याचं प्रमाण सायप्रसच्या खाणींशी जुळलं. कथिलाची गोष्ट आणखी लांबची निघाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यातलं सुमारे एक-तृतीयांश मध्य आशियातल्या मुशिस्तानच्या खाणीतलं आणि उरलेलं तुर्कस्तानच्या टॉरस पर्वतातलं असावं. मुशिस्तान आजच्या ताजिकिस्तानात आहे. तिथून भूमध्य समुद्रापर्यंतच्या डोंगरवाटांवर ही लगड किती हातांतून गेली असेल!

सुमारे १७५ काचेच्या लगडीही होत्या, गडद निळ्या, फिरोजी, जांभळट. गडद निळ्या काचेतलं कोबाल्ट इजिप्तच्या पश्चिमेकडच्या मरूद्यानांमधलं. कनानी घडणीच्या दीडशेच्या आसपास बरण्या, त्यांतल्या अर्ध्याहून अधिक पिस्त्याच्या कुळातल्या झाडाच्या राळेने भरलेल्या. सायप्रसची मातीची भांडी मोठ्या रांजणात एकात एक रचलेली. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, शहामृगाच्या अंड्यांची कवचं, बाल्टिक समुद्राकडच्या अंबराचे मणी. आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाचे ओंडकेही होते. हे लाकूड आपल्या शिसवीच्या कुळातलं. इजिप्तचे लोक त्याला ‘हब्नी’ म्हणत. ग्रीकांनी तो शब्द उचलला, पुढे अरबी-फारसीत गेला आणि आपल्याकडे ‘आबनूस’ होऊन पोचला, फक्त वाटेत ते नाव वेगळ्याच झाडाला चिकटलं.

या मालाची दुसरी बाजू मातीच्या पाट्यांवर वाचायला मिळते. इजिप्तमध्ये अमार्ना इथे १८८७ मध्ये साडेतीनशेहून अधिक पाट्या सापडल्या. बहुतेक इ.स.पू. चौदाव्या शतकातला राजेराजांचा पत्रव्यवहार, तोही इजिप्तच्या भाषेत नव्हे तर बाबिलोनकडच्या अक्कादीत. मोठे राजे एकमेकांना ‘भाऊ’ म्हणतात. उत्तर सिरियाकडच्या मितान्नी राज्याचा राजा इजिप्तच्या राजाला लिहितो की माझ्या भावाच्या देशात सोनं धुळीसारखं आहे, मलाही पाठव. अलाशियाचा, म्हणजे सायप्रसचा राजा तांबं पाठवतो आणि ते कमी आहे म्हणून मनाला लावून घेऊ नकोस असं विनवतो. कारण असं की त्याच्या देशात साथ आली आहे आणि तांबं गाळणारी माणसंच उरलेली नाहीत. व्यापाऱ्याची अडचण आणि राजाचा मान एकाच वाक्यात. इतक्या जुन्या काळातला इतका ओळखीचा सूर वाचून मी दर वेळी थबकतो.

देवाणघेवाण मालापुरती नव्हती. ग्रीसमधल्या ‘लिनियर बी’ लिपीतल्या पाट्या १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी वाचल्या. त्यांत जिऱ्यासाठी ‘कु-मि-नो’ आणि तिळासाठी ‘सा-सा-मा’ असे शब्द आहेत, दोन्ही पूर्वेकडच्या सेमिटिक भाषांमधून आलेले. मसाला आला तो नाव घेऊनच. आणि इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या कनानी प्रदेशात, मेगिद्दो इथे, एका माणसाच्या दातांवर साचलेल्या किटणात हळदीची प्रथिनं सापडल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. हळद मूळची दक्षिण आशियातली. ती कुठल्या वाटेने तिथे पोचली याचा माग त्या दातांवर नाही, पण ती त्या माणसाच्या तोंडात गेली होती एवढं नक्की.

आता पुन्हा जहाजाकडे. सांगाडा लेबनॉनच्या सीडारचा, आपल्या देवदाराच्या भाऊबंदांपैकी. फळ्यांच्या कडांना खोबणी पाडून त्यांत लाकडी जीभ बसवायची आणि वर खुंटी ठोकायची, अशी बांधणी. चोवीस दगडी नांगर भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याच्या घाटाचे. तराजूची वजनं जवळजवळ दीडशे, काही बैल, बदक, बेडकांच्या आकारांची. बहुतेक वजनं ९.३ ग्रॅमच्या आसपासच्या एककाच्या पटीत, म्हणजे पूर्वेकडच्या शेकेलच्या मापाची. जहाज चालवणारे आणि सौदा करणारे कनानी असावेत, हे यावरून बरंच पक्कं होतं. पण मग मायसिनी शस्त्रं, ठसा उमटवायच्या मुद्रा दोन, शिवाय त्यांच्याच पद्धतीचे मणी आणि वस्तरे. जोडीजोडीने आलेल्या या वैयक्तिक वस्तूंवरून पुलाक यांनी मांडलं की दोन प्रतिष्ठित मायसिनी माणसं प्रवासात होती, बहुधा हा माल घेऊन आपल्या राजवाड्याकडे निघालेली. बास यांचं कनानी जहाजांबद्दलचं म्हणणं खरं ठरलं, मात्र त्याने मायसिनी लोक बाहेर पडले नाहीत, ते त्याच डेकवर उभे होते. एका देशाचं नाव या जहाजाला देता येत नाही, असं मला वाटतं. मक्तेदारी कोणाची हा प्रश्नच पुढच्या काळाच्या सवयीतून विचारलेला होता.

राहिला बुडण्याआधीचा शेवटचा मुक्काम. जहाज कुठून सुटलं? माल सात-आठ ठिकाणचा असल्याने मालावरून ते कळेना. उत्तर मिळालं गाळ चाळताना सापडलेल्या उंदराच्या जबड्याच्या तुकड्यात. धान्याच्या किंवा फळांच्या वासाने चढलेला घरातलाच साधा उंदीर. संशोधक तोमा कुक्की आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मोहरीएवढ्या दाढेचा आकार मोजून तो भूमध्य किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या भागांतल्या उंदरांच्या दाढांशी ताडून पाहिला. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: हा उंदीर उत्तर सिरियाच्या किनाऱ्यावरचा, जिथे उगारित शहराचं मिनेत एल-बैदा बंदर होतं.