काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली असं नाही

मे महिना होता, चिपळूणहून आंब्याच्या पेट्या भरून आमची जुनी डिझेल पिकअप कुंभार्ली घाट चढत होती, काका चालवत होते आणि मी बाजूला. टेम्परेचरचा काटा एरवी अर्ध्याच्या जरा खाली असतो तो हळूहळू पाऊणवर आला. दुसरा गिअर, मागे फुल्ल लोड, गाडी जेमतेम वीसच्या स्पीडने, म्हणजे रेडिएटरला समोरून वारा असा नाहीच. मग एका वळणावर काटा एकदम खाली, पार थंडच्या खुणेपाशी. काका म्हणाले, "बघ, झाली थंड." दोन-तीन मिनिटांत करपल्याचा वास आला आणि गाडी बंद पडली. खालच्या होज पाइपची क्लिप सुटून सगळं पाणी रस्त्यावर गेलं होतं. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली सील) गेली, हेडला फेसिंग करावं लागलं म्हणजे वाकलेला पृष्ठभाग घासून सपाट करावा लागला, आंबे दुसऱ्या गाडीने पाठवले.

मग काटा खाली का आला? कारण तो इंजिनाचं तापमान दाखवतच नाही, सेन्सरच्या टोकाला जे काही लागलंय त्याचं दाखवतो. हा सेन्सर म्हणजे हेडमध्ये, बहुतेक थर्मोस्टॅटजवळ (पाणी पुरेसं तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व), बसवलेला बोटाच्या पेराएवढा पितळी बोल्ट. त्याच्या टोकात थर्मिस्टर असतो, तो जितका तापेल तितका त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, मग जास्त करंट वाहतो आणि काटा वर जातो. पाणी आहे तोवर हे छान चालतं, पण पाणी गेलं की टोक हवेत लटकतं, आणि हवा काही पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. लोखंड तापत राहतं आणि काटा मात्र खाली येतो. म्हणून चढावर काटा अचानक पडला तर खुश होऊ नका, गाडी बाजूला घ्या आणि लगेच बंद करा.

वायरिंगचं पण असंच. सिंगल वायरच्या सेन्सरची वायर सुटली तर काटा थंडवर पडून राहतो, आणि तीच वायर सोलून बॉडीला टेकली तर गार इंजिनालासुद्धा काटा फुल्ल गरम दाखवतो. डिझेलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकाच वेळी वर चढले तर आधी मीटरचं अर्थिंग आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर (मीटरला एकसारखं व्होल्टेज देणारा भाग) बघा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत दोघांना एकाच ठिकाणाहून सप्लाय असतो.

थर्मोस्टॅट तर मी घरी गॅसवर पातेल्यात उकळून बघितलाय. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, बुडाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर 82 असा आकडा ठोकलेला होता, म्हणजे 82 डिग्रीला उघडायला लागणारा. ऐंशीपर्यंत काहीच नाही, मग 83 च्या आसपास मधली चकती केसाएवढी उचलली गेली आणि पाणी नव्वदीच्या पुढे गेलं तसं तोंड चांगलं उघडलं. आत मेण असतं, ते वितळलं की फुगतं आणि दांडी ढकलतं, बस्स, ना वायर ना बॅटरी. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की हा व्हॉल्व काढून फेकायची सवय आहे, मला ते अजिबात पटत नाही. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन वेळेवर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, झीजही वाढते, आणि रेडिएटर क्षारांनी चोंदलाय हे मूळ दुखणं तसंच राहतं.

आता 100 चं भय. उघड्या भांड्यात पाणी 100 ला उकळतं, महाबळेश्वरसारख्या साधारण 1350 मीटर उंचीवर तर 95-96 लाच, पण रेडिएटरचं झाकण आत प्रेशर धरून ठेवतं. झाकणावर 0.9 (म्हणजे 0.9 बार प्रेशर) लिहिलं असेल तर आतलं पाणी साधारण 118 पर्यंत उकळत नाही, कूलंट असेल तर त्याहूनही वर. झाकणाचं रबर कडक झालं की हे प्रेशर राहत नाही आणि घाटात 100 लाच पाणी बाहेर फेकलं जातं, काटा अजून लालमध्ये गेलेला पण नसतो. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, प्रेशर सुटलं की तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

अजून एक, घाट चढून आल्याआल्या गाडी बंद केली आणि पाच मिनिटांनी चावी फिरवली तर काटा आधीपेक्षा वर दिसतो. त्यात बिघाड नाही, वॉटर पंप थांबला म्हणून लोखंडातली उष्णता उभ्या पाण्यात उतरते. म्हणून दोन मिनिटं आयडलिंगला ठेवून मग बंद करावी.

जुन्या मीटरवर आकडे नसतात, मग मी इन्फ्रारेड गन घेतली, थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळी टेप चिकटवली (चकचकीत धातूवर गन कमी दाखवते) आणि काटा कुठे असताना किती डिग्री ते लिहून काढलं. आमच्या गाडीत अर्ध्याच्या जरा खाली म्हणजे 84, पाऊण म्हणजे 102. काचेवर दोन्ही ठिकाणी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिलेत, आणि घाट लागला की काका आता त्या दुसऱ्या ठिपक्याकडे बघत चालवतात.