वीज गेली म्हणून वाचलं नेटवर्क

जून २०१७ च्या अखेरीस न्हावा शेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलवर कंटेनर जागचे हलेनात. क्रेन ठाकठीक होत्या, पण कुठला कंटेनर कुठे आहे आणि कुठल्या ट्रकवर चढवायचा हे सांगणारी संगणक यंत्रणा ठप्प झाली होती. टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं, आणि घाव बसला होता युक्रेनमध्ये.

तिथे करभरणा आणि हिशेबासाठी ‘एम.ई.डॉक’ नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जातं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमधूनच २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सोडला. अपडेट वेळेवर करा, असं आपण सगळ्यांना बजावत असतो; इथे ते करणाऱ्यांनाच फटका बसला! पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती, पण ते निव्वळ ढोंग होतं. पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला.

नॉटपेट्या पसरायचा दोन वाटांनी. एक वाट विंडोजमधल्या त्रुटीची. तिच्यावरचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दुसरी जास्त बेरकी: संगणकाच्या मेमरीत रेंगाळलेले पासवर्ड उचलायचे आणि त्यांच्या जोरावर पुढच्या संगणकात शिरायचं. त्यामुळे पॅच न टाकलेला एक संगणक सापडला आणि त्यावर ॲडमिनचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या व्यवस्थापकाचा, पासवर्ड मिळाला, की पॅच टाकलेलेही शेकडो संगणक पडत. आत शिरल्यावर तो डिस्कवरची फायलींची सूचीच कुलूपबंद करायचा. ग्रंथालयातली पुस्तकं जागेवर, पण कार्डांचं कपाट जळून खाक, तशी गत.

मर्स्ककडे बॅकअप नव्हता असं नाही. बऱ्याचशा सर्व्हरचे होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा. कर्मचारी कोण, कुणाला कुठे प्रवेश, हे ठरवणारे हे सर्व्हर. जगभर असे सुमारे दीडशे होते आणि ते सतत एकमेकांशी माहिती जुळवून घेत. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळे एकदम जातील, हे कुणी धरलंच नव्हतं.

वाचला एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. तिथलं इंटरनेट इतकं मंद की सगळा डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला पोचला. त्या डिस्कच्या आधारावर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे राहिले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत बॅकअपची डिस्क आजही त्याच संगणकाला कायमची जोडलेली असते. डिस्क खराब झाली तर तिचा उपयोग होतो. व्हायरस, आग किंवा २६ जुलै २००५ सारखा पूर आला तर दोन्ही प्रती एकदम जातात. जाणकार म्हणूनच तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि एक दुसऱ्या जागी ठेवायला सांगतात. त्यांपैकी एक वायर काढून ठेवलेली असावी. आणि सहा महिन्यांतून एकदा तिच्यावरून एखाद्या रिकाम्या संगणकावर सगळं परत चढवून बघावं. बॅकअप घेतल्याची नोंद बहुतेकांकडे असते. तो परत चढवायला किती तास लागतात, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.