पार्श्वभूमी : शिफारस, नामांकन आणि स्लेट

स्त्रियांनी लिहिलेल्या विज्ञानकथा-फँटसीची यादी पुरस्कारांच्या हंगामात फिरू लागली की एक शंका हटकून येते : ही शिफारस आहे की छुपा प्रचार? या शंकेला आजची धार आली ती २०१५ नंतर.

त्याआधीचे थोडक्यात. ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीचा, चाहत्या वाचकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार १९५३ पासून दिला जातो. कथालेखनासाठी तो एका बाईला पहिल्यांदा मिळाला १९६८ मध्ये, तोही एका पुरुषाबरोबर विभागून. कादंबरीसाठी १९७० उजाडावे लागले. पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखिकेने सत्तरच्या दशकात आपली कथा नेब्युलाच्या, म्हणजे विज्ञानकथा लेखकांची संघटना आपल्या सदस्यांच्या मतांवर देते त्या पुरस्काराच्या, शर्यतीतून स्वतःहून मागे घेतली. एका पुरुषाला बायका इतक्या कळतात, असे त्या कथेचे कौतुक चालले होते आणि ते तिला पचेना. १९७७ मध्ये तिची खरी ओळख फुटली. १९९१ मध्ये लिंगभावाचा नव्याने विचार करणाऱ्या लेखनासाठी पुरस्कार सुरू झाला, तेव्हा त्याला तेच टोपणनाव दिले गेले. २०१९ मध्ये ते बदलले. हा ‘बायकांचा पुरस्कार’ असा समज आजही आढळतो. तो चूक आहे, पुरुषांनाही तो मिळालेला आहे.

खरा गुंता ‘शिफारस’ या शब्दाचा आहे. परीक्षक मंडळाच्या पुरस्कारात शिफारस म्हणजे नुसते लक्ष वेधणे. कोणीही करावी, निर्णय मंडळाचा. ह्यूगोत नामांकन म्हणजे मोजले जाणारे मत, आणि शिफारस त्याआधीची गप्पागोष्ट. नेब्युलाच्या जुन्या पद्धतीत मात्र सदस्याची शिफारस हीच मोजली जाई. दहा जमल्या की कृती प्राथमिक मतपत्रिकेवर. ‘तू माझी कर, मी तुझी करतो’ अशा तक्रारी मग होणारच. ती पद्धत २००९ च्या सुमारास गेली. आता तिथल्या सदस्यांच्या वाचनयादीला मताची किंमत नाही. पण एकाच शब्दाचे हे तीन अर्थ अजून एकमेकांत मिसळतात, आणि निम्मी भांडणे तिथूनच निघतात.

२०१५ मध्ये ह्यूगोत जे झाले ते साध्या गणिताचे होते. नामांकनपत्रिका आल्या २,१२२. प्रामाणिक वाचकांची नावे शेकडो कृतींत विखुरतात. काहीशे लोकांनी आधी ठरवलेली तीच पाच नावे, म्हणजे ‘स्लेट’, भरली तर एखादा विभाग अख्खा त्यांच्या खिशात जातो. आपल्या भाषेत गठ्ठा मतदान, आणि त्या वर्षी तेच झाले. अंतिम फेरीत मतदारांनी पाच विभागांत ‘पुरस्कार नाही’ हाच पर्याय निवडला. पुढे नियम बदलले. २०१७ पासून मतदार पाच नावे देतो, अंतिम यादीत सहा येतात, आणि एका विभागातले मतदाराचे वजन त्याच्या नावांत वाटले जाते. गठ्ठ्याचा जोर त्यामुळे उतरला.

संशय मात्र राहिला, आणि तो स्त्रियांच्या याद्यांवर जास्त आला. २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे कादंबरीचा ह्यूगो एकाच लेखिकेला मिळाला, तेव्हा त्याचेही श्रेय काहींनी यादीवाल्यांना देऊन टाकले. हे मला पटत नाही. चाळीस-पन्नास नावांची, प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिलेली यादी गठ्ठा बांधूच शकत नाही. ती मते उलट विखुरते. रकाने पाच आणि नावेही नेमकी पाच, कारण एकाचेही नाही, अशी यादी दिसली तर खुशाल शंका घ्यावी. मधल्या छटाही आहेत. २०१९ मध्ये नेब्युलाच्या वेळी स्वप्रकाशित लेखकांच्या एका गटाची यादी गाजली. ‘ही स्लेट नाही’ असे गटाचे म्हणणे होते; बाहेरच्या अनेकांना ते पटले नाही. आणि छापील यादी नव्हती त्या काळात पुरुष एकमेकांची नावे सुचवत नव्हते, असे कोण म्हणेल?

अलीकडच्या नेटक्या याद्यांत नावापुढे प्रकाशनवर्ष आणि लांबीही असते. ह्यूगोत ७,५०० शब्दांपर्यंत लघुकथा, १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, ४०,००० पर्यंत नॉव्हेला. एकाच कृतीला कुणी इथे, कुणी तिथे सुचवले तर मते फुटण्याचा धोका. अनुवादाचे वेगळेच : परभाषेतली कृती पहिल्यांदा इंग्रजीत आली की त्या वर्षी ती पुन्हा पात्र ठरते. मूळ वर्ष पाहून ‘मुदत संपली’ म्हणत यादीतून गाळलेल्या अनुवादित लेखिका त्यामुळे पुन्हा तपासाव्या लागतात.