पाणी शांत दिसतं तिथेच का उतरू नये

आमच्या नवी मुंबईत पाम बीच रोड आहे, पण बीच कुठाय विचारलं तर तिवरांकडे बोट दाखवावं लागतं. खाडी आहे, चिखल आहे, थंडीत फ्लेमिंगो येतात, लाटा मात्र नाहीत. त्यामुळे इथली माणसं वर्षातून एकदोनदा समुद्र बघतात आणि तेव्हा एवढी हावरी झालेली असतात की बसमधून उतरली की थेट पाण्यात. २०२४ च्या जानेवारीपासून तर लोकल उरणपर्यंत जाते, म्हणजे पिरवाडीच्या किनाऱ्यासाठी आता गाडीसुद्धा काढायला नको.

तर मेच्या शेवटी आमची नेरूळची सोसायटी बस करून काशीदला गेली. दुपारचे बारा-साडेबारा. आमच्यातले एक काका, बँकेतून रिटायर झालेले, विहिरीत पोहून तयार झालेले, त्यांनी कमरेवर हात ठेवून किनारा न्याहाळला आणि म्हणाले, "इथे लाटा फार फुटतायत, तिकडे बघा पाणी कसं शांत आहे, पोरांना तिकडे नेतो." आणि खरंच, दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे वीसेक पावलं रुंद असा गडद, जरा गढूळ पट्टा, फेसाचं नाव नाही. मी म्हटलं, काका तिथे नको. तर म्हणतात, "अहो आज नवमी आहे, ना पौर्णिमा ना अमावस्या, घाबरताय कशाला?"

पौर्णिमा-अमावस्येला समुद्र माणसं मागतो असं लोक म्हणतात, तर हे तिथीचं आधी संपवतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं हे खरं, आपल्या किनाऱ्यावर तेव्हा भरती-ओहोटीत ४ मीटरच्या वर फरक पडतो, आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा कमी. पण १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले तेव्हा आकाशात अर्धा चंद्र होता, अष्टमीचा सुमार. पावसाळाही नव्हता. आणि २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर लांब होतं, ते धडकलं १५ तारखेला गुजरातेत जखाऊजवळ, पण त्याच्या लाटांनी त्याआधीच जुहूला मुलं नेली होती. माणसं मागायला समुद्र पंचांग बघत नाही, आणि मुळात तो मागतच नाही.

दुसरं म्हणजे समुद्र "पाय ओढतो" ही भानगड. गावाकडे विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, ओढतात म्हणतात तसंच हे. लाट परत जाताना टाचेखालची वाळू खरवडून नेते, आपण तिरपे होतो आणि वाटतं कुणीतरी आत खेचतंय. घोट्याएवढ्या पाण्यातही होतं ते, करून बघा. माणसाला धरून खाली नेणारं पाण्यात काही नसतं. किनाऱ्यापासून बाहेर, खोल समुद्राकडे नेणारं मात्र असतं, त्याचं नाव रिप करंट, आणि काकांचा तो शांत पट्टा म्हणजे तोच.

आता माझा आवडता भाग, जरा डोकं लावायला लागेल. लाट पुढे जाते पण पाणी जागच्या जागी गोल फिरतं, हे आपण शाळेत शिकलो आणि खोल समुद्रात ते जवळजवळ बरोबरही आहे. पण तळ वर यायला लागला की लाट उभी राहते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की कोसळते, म्हणजे १ मीटरची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटणार. कोसळताना ती स्वतःचा संवेग पाण्याला देऊन टाकते, आणि अशा लाटा एकामागून एक ढकलत राहिल्या की किनाऱ्यालगत पाणी साचून पातळी चक्क वर चढते, मीटरभर लाटांना दहा-वीस सेंटिमीटर. याचं गणित १९६० च्या दशकात लाँगे-हिगिन्स आणि स्टुअर्ट या दोघांनी मांडलं, त्याला रेडिएशन स्ट्रेस म्हणतात (अणुभट्टीशी काही संबंध नाही, घाबरू नका).

किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचा दांडा असतो, भूगोलात होता तोच. तो सलग नसतो, मधे मधे खिंडी असतात. दांड्यावर उथळ, म्हणून लाटा तिथे फुटतात आणि त्याच्यामागे पाणी साचतं. खिंडीत खोल, म्हणून तिथे लाट फुटतच नाही किंवा फार उशिरा फुटते, त्यामुळे तिथली पातळी खालीच राहते. मग साचलेलं पाणी किनाऱ्याला धरून आडवं खिंडीकडे सरकतं आणि तिथून बाहेर. लोकल आली की अख्खा प्लॅटफॉर्म एकाच जिन्याकडे वळतो ना तसं, फक्त जिन्यावर माणसं स्लो होतात आणि पाणी अरुंद जागेत फास्ट होतं. फेस नाही म्हणजे लाट फुटलेली नाही, म्हणजे तिथे खोल आहे, म्हणजे पाण्याची बाहेर जायची वाट तीच. आपण नेमके त्याच शांतपणाला भुलतो. गढूळ का, तर जाता जाता वाळू उकरून नेतं, आणि उकरल्यामुळे खिंड अजून खोल होत जाते.

वेग किती? घर्षण सोडून द्या आणि दहावीतलं सूत्र घ्या, वेगाचा वर्ग = २ × g × उंची. उंचीचा फरक फक्त ५ सेंटिमीटर धरला तर २ × ९.८ × ०.०५, म्हणजे ०.९८, वर्गमूळ जवळपास १. सेकंदाला १ मीटर! पाच सेंटिमीटरमध्ये! मला हे दरवेळी भारी वाटतं. प्रत्यक्षात घर्षण खूप खातं, रिप साधारण सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण जोरात असला तर २ मीटरच्याही वर मोजलेला आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झानलेने १०० मीटर पोहण्याचा विश्वविक्रम ४६.४० सेकंदांत केला, म्हणजे सेकंदाला २.१६ मीटर, तेही तरणतलावात. तुम्ही-आम्ही सेकंदाला १ मीटरसुद्धा पोहत नाही. म्हणून किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहिलेला माणूस दमतो आणि दमून बुडतो, प्रवाह त्याला खाली नेत नाही.

रिप करंट हे नाव १९३६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्डने सुचवलं, कारण लोक त्याला टाइड म्हणत होते. भरती-ओहोटीमुळे तो तयार होत नाही. पण ओहोटीला दांड्यावरचं पाणी आणखी उथळ होतं, सगळा ओघ खिंडीतूनच जातो, म्हणून तेव्हा जोर वाढतो. वेळ काढायला कोकणातला हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. नवमी म्हणजे पावणेसात, त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी, म्हणजे आम्ही उभे होतो ती वेळ बरोब्बर सुकतीची. पंचांगाचा हा उपयोग मात्र मला मान्य आहे.

सापडलात तर पाठीवर तरंगा, एक हात वर करून हलवा. पोहता येत असेल आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, फेस दिसतो त्या बाजूला सरका, कारण फेस म्हणजे उथळ आणि तिथल्या लाटा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. जीपीएस लावलेले तरंगते डबे सोडून केलेल्या अभ्यासांत दिसलंय की बरेचदा हे पाणी लांब जातच नाही, गोल फिरून परत किनाऱ्याकडे येतं. आणि किनाऱ्यावरच्यांनी हाताची साखळी करून आत जाऊ नये, अशाने एकाच्या जागी चार जातात. रिकामी पाच लिटरची बाटली झाकण घट्ट लावून फेका, जीवरक्षक असेल तर त्याला हाक मारा, ११२ किंवा कोस्ट गार्डचा १५५४ लावा. बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही, त्याचं तोंड पाण्यात असतं, म्हणून पोरं अचानक गप्प झाली तर आधी बघा. खाडीच्या तोंडाशी तर उतरूच नका, तिथली ओढ वेगळीच आणि ती खरंच भरती-ओहोटीची.

काकांना हे सगळं किनाऱ्यावर कोण सांगणार, रेडिएशन स्ट्रेस म्हटलं असतं तर त्यांनी मलाच पाण्यात ढकललं असतं. मी शहाळेवाल्याकडून एक रिकामं शहाळं घेतलं आणि शांत पट्ट्याच्या कडेला फेकलं. ते दोन मिनिटं तिथेच डुचमळलं, मग सरळ बाहेर निघालं, फुटणाऱ्या लाटांच्या पार. पोरं मोबाइलवर वेळ मोजत होती. बाहेर गेल्यावर ते डावीकडे वळलं, दांड्यावरच्या फेसात शिरलं आणि लाटांवर आपटत आमच्यापासून चाळीसेक पावलांवर वाळूत येऊन लागलं. एकूण नऊ मिनिटं.

काका म्हणाले, "नारळ परत आला. दर्याला मान्य नाही." आणि पोरांना घेऊन भजीच्या टपरीकडे गेले.