काळा बाप, फिकट मुलगे

शेजारच्या काकूंनी कडकनाथचा कोंबडा आणला आणि परसातल्या तीन पिवळ्या पायांच्या गावरान कोंबड्यांत सोडला. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली, नऊ पिल्लं निघाली. मोठी झाली तेव्हा पाचही तलंगा, म्हणजे तरुण माद्या, बापासारख्या काळ्या, तुऱ्यापासून नखापर्यंत. चार नर मात्र फिकट, कातडीवर जेमतेम राखाडी झाक. ‘फसवलं हो मला, भेसळीचा कोंबडा गळ्यात मारला!’ काकूंनी निकाल दिलासुद्धा.

पण कोंबडा अस्सलच असणार. भेसळीचा असता तर पाचही तलंगा काळ्या निघणं अवघड होतं.

मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या कोंबडीचा काळेपणा पिसांपुरता नाही. तो कातडीत, मांसात, हाडांवरच्या पडद्यात असतो. (नुसती काळी पिसं पाहून कडकनाथ विकत घेणाऱ्यांनी पिसं बाजूला करून कातडी बघावी.) त्यामागे एक जनुक आहे आणि ते प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. मात्र दुसरं एक जनुक कातडीत रंग उतरूच देत नाही. हा ‘रोधक’ पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत सहसा असतो, कडकनाथमध्ये नसतो.

खरी गंमत रोधकाच्या जागेत आहे. तो झेड या लिंग-गुणसूत्रावर बसतो. माणसाच्या उलट, कोंबड्यांत नराकडे दोन झेड असतात आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. त्यामुळे आईचा एकुलता एक झेड फक्त मुलग्यांना मिळतो, मुलीचा झेड बापाकडूनच येतो. काकूंच्या गावरान कोंबड्यांनी रोधक मुलग्यांना दिला, मुली बापावर गेल्या. जोडी उलटी लावली असती, म्हणजे कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा पिवळ्या पायांचा अस्सल रोधकवाला, तर नर-मादी सगळीच फिकट झाली असती. बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी 1911 मध्ये काळ्या कातडीच्या सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबड्यांच्या संकरातून नेमकं हेच मांडलं होतं.

पायांचा पिवळेपणा मात्र निराळ्या जनुकाचा. 2008 च्या संशोधनानुसार तो पाळीव कोंबड्यांत आला राखी रानकोंबड्याकडून, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवणाऱ्या पक्ष्याकडून.

आता काकूंना याच भावंडांची जोडी लावायची आहे. काळेपणाचं जनुक मिळण्याची शक्यता चारात तीन, रोधक न मिळण्याची दोनात एक. गुणाकार केला तर सोळा पिल्लांत सरासरी सहा गडद काळी. सरासरी, बरं का. एका खुराड्यात तीनही निघतील, नऊही. शिवाय त्या सहांपैकी साधारण दोघांकडेच काळेपणाच्या जनुकाच्या दोन प्रती असतील, आईकडून एक आणि बापाकडून एक. उरलेल्या चौघांच्या पोटी पुढे फिकट पिल्लू निघू शकतं, आणि हे सहाजण दिसायला तर सारखेच.

त्यापेक्षा काळ्या तलंगांना दुसरा, नात्यात नसलेला कडकनाथ कोंबडा द्यावा. पिल्लं सगळी काळी. पण त्यातल्या निम्म्यांकडे काळेपणाच्या जनुकाची एकच प्रत असेल, हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मग कुठली निम्मी?’ एकेकीला गावरान कोंबड्याखाली ठेवून फिकट पिल्लं निघतात का ते मोजायचं, पण तो कोंबडा रोधक नसलेला हवा. काकू म्हणाल्या, ‘आधी अंडी तर घालू देत.’